वारंवार रुग्णालयात जावे लागणाऱ्या दत्तक मुलाचे संगोपन: नव्या पालकांसाठी

जन्मजात हृदयदोष असलेले, डोक्यातील पाणी उतरवण्यासाठी शंट म्हणजे बारीक नळी बसवलेले, थॅलेसेमियामुळे दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागणारे किंवा मुदतीपूर्वी जन्मल्याने फुप्फुसे नाजूक राहिलेले मूल दत्तक घेतले, की पहिल्या वर्षापासूनच रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू होतात. अशा आजारांच्या शुश्रूषेची माहिती डॉक्टर देतात आणि ती इतर पालकांनाही मिळते. दत्तक पालकांपुढे मात्र दोन जास्तीच्या अडचणी असतात. मुलाचा आधीचा वैद्यकीय इतिहास अर्धवट हाती आलेला असतो आणि मुलाने कोणीतरी आपल्याला सोडून गेल्याचा अनुभव एकदा तरी घेतलेला असतो. पहिली अडचण कागदांनी बरीचशी सुटते. दुसरीसाठी कागद उपयोगी पडत नाही, तिथे पालकाने वॉर्डात नेमके कसे वागायचे हे आधी ठरवावे लागते. या लेखातील बहुतेक सूचना याच दोन गोष्टींभोवती आहेत.

पहिली पायरी: मूल घरी येण्यापूर्वी

केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या म्हणजेच काराच्या पोर्टलवर मूल सुचवले जाते, तेव्हा त्याच्याबरोबर बालअभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल मिळतो. स्वीकृतीची सही करण्यापूर्वी हा वैद्यकीय अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवण्याची मुभा नियमांनीच दिलेली आहे, आणि विशेष गरजा असलेल्या मुलाच्या बाबतीत ती वापरलीच पाहिजे. अहवाल दाखवताना बालरोगतज्ज्ञाला केवळ "हे मूल घ्यावे का?" असे विचारू नये, तो निर्णय डॉक्टरांचा नाही. पुढच्या दोन वर्षांत किती शस्त्रक्रिया लागतील, त्या आपल्या जिल्ह्यात होतात की मुंबई-पुण्याला जावे लागेल, घरी कोणती उपकरणे लागतील आणि अहवालात कोणती तपासणी राहून गेली आहे, हे चार प्रश्न विचारावेत. हृदयदोषाच्या मुलाचा टूडी एकोचा म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा अहवाल सहा महिने जुना असेल, तर नवा करून मागण्यात संकोच बाळगू नये.

त्यानंतर विशेष दत्तक संस्थेकडून मुलाची जुनी कागदपत्रे मागावीत, आणि ती ताबडतोब मागावीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की अडीच वर्षांच्या मुलाच्या जन्मानंतरच्या अतिदक्षता विभागातील नोंदी आणखी काही महिन्यांनी सापडतीलच याची खात्री नसते. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. इनडोअर केस पेपर, शस्त्रक्रियेची टिपणे, भूल देतानाच्या नोंदी, रक्तगटाचा अहवाल, एक्स-रे आणि स्कॅनच्या मूळ प्रतिमा, तसेच लसीकरणाचे कार्ड, असे सगळे मागावे. संस्थेला ही मागणी अर्जाने, पोच घेऊन करावी; तोंडी विनंतीला "बघतो" असे उत्तर मिळते आणि ते बघणे लांबत जाते.

बहुतेक जुनी कागदपत्रे मुलाच्या संस्थेतील नावाने असतात. घरी आल्यावर नाव बदलते आणि रुग्णालयाच्या संगणकात एकाच मुलाचे दोन रुग्ण तयार होतात. दोन्ही नावे एकाच मुलाची असल्याचे पत्र संस्थेकडून घ्यावे, आणि ज्या रुग्णालयात आधीचे उपचार झाले तिथल्या अभिलेख विभागात जाऊन दोन्ही नोंदी एका क्रमांकाखाली जोडून घ्याव्यात. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री हे काम होत नाही.

दुसरी पायरी: एका पानाचा इतिहास

निवासी डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलतात, परिचारिकांची पाळी दिवसातून तीनदा बदलते, आणि प्रत्येक नवा माणूस मुलाचा इतिहास पहिल्यापासून विचारतो. मोठ्या फाइलमधून तो सांगण्यापेक्षा एका पानावर टाइप करून ठेवावा आणि त्याच्या पाच-सहा प्रती कायम पिशवीत असाव्यात. पानावर नाव, जन्मतारीख, रक्तगट, निदान, झालेल्या शस्त्रक्रिया तारखांसह, ॲलर्जी, चालू औषधे आणि शेवटचे वजन एवढे असावे. वजनाच्या बाजूला तारीख हवीच, कारण मुलांच्या औषधांचे प्रमाण वजनावर ठरते आणि आजारी मुलाचे वजन झपाट्याने बदलते.

औषधांची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहावी, चमच्यात किंवा नुसत्या मिलिलिटरमध्ये लिहू नये. एकाच पॅरासिटामॉलचे सिरप बाजारात ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळते. "पाच मिलि देतो" या उत्तरातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. फिट येणाऱ्या मुलाच्या औषधाच्या वेळाही लिहाव्यात. वॉर्डातील औषधांचे वेळापत्रक घरच्यापेक्षा वेगळे असते, आणि दाखल होण्याच्या गडबडीत एखादा डोस निसटणे हेच अनेकदा पुढच्या फिटचे कारण ठरते.

याच पानावर सर्वात वर एक वाक्य ठळक अक्षरांत असावे: "मूल दत्तक आहे. जन्मकुटुंबाचा आरोग्य-इतिहास अज्ञात आहे." हे लिहिण्याची दोन कारणे आहेत. पहिले वैद्यकीय आहे. "घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का?", "रक्तस्रावाचा आजार आहे का?", "आईवडील नात्यातले आहेत का?" या प्रश्नांना घाईत "नाही" असे उत्तर दिले जाते आणि तेच केस पेपरवर चढते. वास्तविक "नाही" आणि "माहीत नाही" यांत मोठा फरक आहे. काही भूलवायूंमुळे शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढण्याची दुर्मीळ प्रवृत्ती आनुवंशिक असते, आणि कुटुंबाचा इतिहास अज्ञात आहे हे कळले तर भूलतज्ज्ञ आपली तयारी त्याप्रमाणे करू शकतो. म्हणून भूलपूर्व तपासणीत हे वाक्य पानावर असले तरी पुन्हा तोंडाने सांगावे.

दुसरे कारण मुलाचे आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला सगळे ऐकू येते, आणि त्याच्या खाटेशी उभे राहून "याची खरी आई कुठे आहे?" असे दर पाळीला विचारले जाणे त्याच्या कानी पडता कामा नये. पान पुढे केले, की हा प्रश्न निम्म्या वेळा टळतो. उरलेल्या वेळी "खरी आई मीच आहे, जन्माचा इतिहास पानावर लिहिलेला आहे, आणखी काही विचारायचे असेल तर बाहेर बोलू" असे शांतपणे सांगावे. यात उद्धटपणा काही नाही.

तिसरी पायरी: सही कोणाची?

मूल दत्तकपूर्व काळजीसाठी घरी आलेले असते, पण दत्तक आदेश अजून झालेला नसतो, असा काळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकतो. नेमक्या याच काळात मूल आजारी पडले, तर संमतीपत्रावर सही कोण करणार, हा प्रश्न रात्री दोन वाजता आकस्मिक विभागात उभा राहतो. तो त्या वेळी सोडवता येत नाही. मूल घरी आणतानाच संस्थेकडून दाखल करण्यास व तातडीच्या उपचारांस पालकांनी संमती देण्याबाबतचे लेखी पत्र, आणि नियोजित शस्त्रक्रियेसाठी कोणाची सही लागेल याचा खुलासा घ्यावा. संस्थेच्या समाजसेविकेचा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक दोन्ही पालकांच्या फोनमध्ये असावा. आदेश हाती आल्यावर त्याच्या साक्षांकित प्रती करून घ्याव्यात, मग नवा जन्मदाखला, आधार आणि शिधापत्रिकेत नाव, या क्रमाने कामे उरकावीत.

चौथी पायरी: पैसा

शिधापत्रिका किरकोळ वाटते, पण महाराष्ट्रात ती महत्त्वाची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्य संरक्षण आता प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंत आहे, आणि मुलाचे नाव कुटुंबाच्या कागदांत नसेल तर ऐनवेळी अडते. योजनेच्या प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल झाल्यावर सर्वांत आधी त्याच्याकडे जावे. बिल झाल्यावर गेलेल्यांना तो फारशी मदत करू शकत नाही.

नोकरीतील गट आरोग्य विमा असल्यास मनुष्यबळ विभागाला दत्तकाची तारीख लेखी कळवावी. वर्षाच्या मध्ये मूल जोडण्यासाठी अनेक पॉलिसींत थोड्याच दिवसांची मुदत असते आणि ती कोणत्या तारखेपासून मोजली जाते हे विचारून घ्यावे. गट विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात. वैयक्तिक पॉलिसीत त्यांच्यासाठी प्रतीक्षाकाळ असतो, जो एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा करण्यात आला आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुदिव्यांगता असलेल्या मुलासाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचाही समावेश आहे, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. त्यामुळे यूडीआयडी कार्डाचा म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज राहून जातो. अठरा वर्षांखालील मुलांच्या जन्मजात दोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि त्याची वाट जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून जाते. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्यासाठी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे.

समाजमाध्यमांवर मुलाचा फोटो आणि "अनाथ बाळाला जीवदान" असा मथळा देऊन निधी गोळा करण्याचा सल्ला कोणीतरी देतेच. तो मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हे मूल पंधरा वर्षांचे झाल्यावर तो मजकूर त्याच्या वर्गमित्रांना सापडेल. निधी उभारायचाच असेल, तर आजार सांगावा, दत्तकाचा उल्लेख गाळावा.

पाचवी पायरी: वॉर्डात

इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या सुमारास रुग्णालयात एकट्या राहिलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले. सुरुवातीला मूल आक्रोश करते, मग खचते, आणि शेवटी अलिप्त होते, असा क्रम त्यांना दिसला. या शेवटच्या अवस्थेला त्या काळच्या परिचारिका "मूल रुळले" असे म्हणत. १९५९ मध्ये तिथल्या प्लॅट समितीने पालकांना मुलाजवळ येऊ देण्याची शिफारस केली त्यामागे ही निरीक्षणे होती. आपल्याकडे वॉर्डात आई राहतेच, पण संस्थेतून आलेल्या मुलाची अडचण त्याहून खोल असते; ते मूल कदाचित तुमच्याकडे येण्याआधीच रुळून गेलेले असते.

सुई टोचताना न रडणारे, कोणाही मावशीच्या कडेवर हसत जाणारे, तुम्ही बाहेर गेलात तरी मान न वळवणारे मूल पाहून वॉर्डात कौतुक होते: "किती शहाणं बाळ आहे, अजिबात त्रास नाही!" पालकांनी या कौतुकाने सुखावू नये. रडल्यावर कोणी येत नाही हे शिकलेले मूल रडणे सोडून देते. अशा मुलाच्या वेदनेचा अंदाज चेहऱ्यावरून येत नाही, म्हणून नाडी, श्वास, घट्ट मिटलेल्या मुठी आणि खाण्याला नकार यांवर लक्ष ठेवावे आणि "हे मूल रडत नाही, तरी याला दुखते आहे" असे सिस्टरांना आणि राउंडच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पुढे कधीतरी, दुसऱ्या किंवा चौथ्या मुक्कामात, तेच मूल सुई पाहून आकांत करू लागते आणि तुम्हाला गच्च धरते. वॉर्डाला वाटते मूल बिघडले. ती प्रगती असते आणि तिचा आनंद मानावा, जरी त्या रात्री कोणालाच झोप लागणार नसली तरी.

यातून वागण्याचे काही नियम निघतात. मुलाला झोपेत सोडून बाहेर जाऊ नये. जाण्याआधी, ते तान्हे असले तरी, सांगून जावे: "आई चहा पिऊन येते, बाबा इथे आहे." परत येण्याची वेळ मुलाला समजेल अशा खुणेने सांगावी, जसे "डाळभाताचं ताट येईल तेव्हा मी आलेली असेन", आणि ती पाळावी. रडेल म्हणून गुपचूप निसटण्याचा सल्ला आजूबाजूच्या अनुभवी बाया हमखास देतात. इतर मुलांच्या बाबतीत तो एखाद्या वेळी खपून जात असेल, या मुलाच्या बाबतीत खपत नाही. पहिल्या वर्षात खाटेजवळ राहणारी माणसे दोनच असावीत, फार तर तिसरी आजी. मदतीला आलेल्या दहा नातेवाइकांनी पाळ्या लावल्या, तर मुलाच्या लेखी ती पुन्हा संस्था होते. नातेवाइकांना डबा, औषधे आणणे, घरच्या मोठ्या मुलाची शाळा अशी कामे वाटून द्यावीत.

भरवणे, पुसणे, लंगोट बदलणे, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) दूध देणे ही कामे शिकून घेऊन शक्य तितकी स्वतः करावीत. वेदना देणारी कामे मात्र पालकाने करू नयेत. कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) लावताना मुलाचे हात दाबून धरायला आईला सांगितले जाते, तेव्हा "मी त्याला मांडीवर घेऊन बसते, हात सिस्टर धरतील" असे सुचवावे. उताणे दाबून ठेवण्यापेक्षा मांडीवर छातीशी धरलेले मूल बहुधा कमी झगडते. नियोजित सुईच्या तासभर आधी त्वचा बधिर करणारे लिडोकेन-प्रिलोकेनचे मलम लावता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आपण होऊन ते सहसा लावले जात नाही, विचारल्यावर अनेकदा लावतात. "दुखणार नाही" असे मुलाला कधीही सांगू नये. "दुखेल, मी धरून बसेन, मग संपेल" एवढे पुरते.

भुलीपूर्वी उपाशी ठेवण्याचा नियम सर्वसाधारणपणे असा असतो: पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत, आईचे दूध चार तास, वरचे दूध किंवा हलके अन्न सहा तास. प्रत्यक्षात यादीतला क्रमांक मागे गेला की मूल बारा तास उपाशी राहते. संस्थेत अन्नाची ओढाताण अनुभवलेल्या मुलाला ही भूक नुसती भूक वाटत नाही. सकाळी सातला विचारावे की आपला क्रमांक कितवा आहे आणि पाणी कधीपर्यंत देता येईल; क्रमांक पुढे ढकलला तर पुन्हा विचारावे. मुलासमोर स्वतः खाऊ नये.

अतिदक्षता विभागात पालकांना ठराविक वेळीच सोडतात. तिथे "दत्तक मूल आहे, घरी येऊन थोडेच महिने झाले आहेत" हे प्रमुख डॉक्टरांना खासगीत सांगून जास्त वेळ मागावा. आईने वापरलेली ओढणी किंवा रुमाल, परवानगी असेल तर, उशाशी ठेवावा. अंगाई किंवा रोजचे स्तोत्र फोनवर ध्वनिमुद्रित करून सिस्टरांकडे द्यावे.

नातेवाईक आणि शेजारची खाट

"दुसऱ्याचं दुखणं कशाला ओढवून घेतलंत?" आणि "फार पुण्याचं काम केलंत" ही दोन वाक्ये वरवर विरुद्ध दिसतात, पण दोन्हींत मूल परकेच राहते. नात्यातल्या माणसांना एकदा नीट, घरी, मुलामागे सांगावे. शेजारच्या खाटेला सविस्तर उत्तर देण्याचे कारण नाही; "हो, आमचीच आहे" एवढे बोलून त्यांच्या बाळाची चौकशी करावी. मुलाच्या जन्माची हकिकत मुलाची आहे आणि ती कोणाला सांगायची हे पुढे तेच ठरवेल.

रात्रीची पाळी दोघांनी वाटून घ्यावी आणि सलग तिसरी रात्र एकाने जागू नये. दत्तकानंतर पालकांनाही नैराश्य येऊ शकते. मूल नकोसे वाटणे, सतत अपराधी वाटणे, झोप उडणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. दत्तकपूर्व काळजीसाठी मूल घरी आल्यापासून दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा भेट होते, तेव्हा काही पालक सगळे छान आहे असेच दाखवतात, कारण मूल परत जाईल अशी धास्ती असते. खरी अडचण सांगितली तरच समुपदेशन किंवा उपचारांचा मार्ग निघतो.

सहावी पायरी: घरी सोडताना

डिस्चार्ज कार्ड घेऊन लगेच निघू नये. औषधांची यादी आपल्या पानाशी ताडून पाहावी आणि कोणते बंद झाले, कोणते नवे आहे हे विचारावे. कोणत्या लक्षणांवर थांबून पाहायचे आणि कोणत्यांवर तडक निघायचे, हे लिहून घ्यावे. शंट असलेल्या मुलाला वारंवार उलट्या, वाढती सुस्ती, डोकेदुखी किंवा तान्ह्याची टाळू फुगणे ही लक्षणे दिसली, तर पोट बिघडले असेल म्हणून घरी वाट पाहू नये. ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेले छिद्र व त्यातली नळी) असलेल्या मुलाच्या पिशवीत त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन नळ्या कायम हव्यात. सक्शन यंत्र किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल, तर वीज गेल्यावर ते किती वेळ चालते हे एकदा प्लग काढून घरी तपासावे. १०८ ला बोलावताना आजारासोबत उपकरणाचेही नाव सांगावे.

घरी आल्यावर मूल काही दिवस चिकटून राहते, बोलायला शिकलेले शब्द विसरल्यासारखे करते, अंथरूण ओले करते किंवा ताटातले अन्न उशीखाली लपवते. रागावू नये, शिस्तीचे नवे धडेही त्या आठवड्यात सुरू करू नयेत. पाहुणे टाळावेत. खेळण्यातली सिरिंज आणि बाहुली देऊन मुलाला डॉक्टर होऊ द्यावे. बाहुलीला कोण सोडून जाते आणि कोण परत येते हे त्या खेळात लक्षपूर्वक पाहावे.

पुढच्या दाखल होण्याची पिशवी त्याच आठवड्यात भरून ठेवावी: इतिहासाच्या प्रती, दत्तक आदेशाची प्रत, विम्याचे कार्ड, चार दिवसांची औषधे, चार्जर, दोघांचे कपडे आणि मुलाची रोजची चादर. चादर न धुता ठेवावी. तिला घरचा वास असतो. फक्त प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाच्या बाबतीत याविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

अनेक सरकारी रुग्णालयांत बालरुग्ण विभागाची वयोमर्यादा बारा वर्षांची असते. मूल दहा-अकरा वर्षांचे झाले, की बालरोगतज्ज्ञांकडून सविस्तर सारांशपत्र मागावे, पुढे कोणाकडे जायचे ते ठरवावे आणि पहिली भेट मूल बरे असताना घ्यावी. तोवर आपला आजार, औषधांची नावे आणि ॲलर्जी मुलाला स्वतः सांगता यायला हवी. जन्मकुटुंबाविषयीचा प्रश्न आला, तर काय उत्तर द्यायचे हेही त्याच्याबरोबर बसून आधी ठरवावे आणि शब्द त्याला निवडू द्यावेत.